परत आलेल्या पाकिटावरचा शेरा

पोस्टमनाने परत आणून दिलेले पाकीट आपण सर्वांनी कधी ना कधी पाहिले आहे. पत्त्यावर आडवी रेघ, आणि कोपऱ्यात घाईघाईने लिहिलेले दोन-तीन शब्द: ‘पत्ता अपुरा’, ‘घेण्यास नकार’, ‘येथे राहत नाहीत’. अक्षर बहुधा वाईट असते, परंतु त्या शब्दांचे मोल फार मोठे. पत्ता अपुरा असेल तर आपण घरक्रमांक घालून पाकीट पुन्हा टाकतो; मनुष्य गाव सोडून गेला असेल तर नवा पत्ता मिळवण्याच्या खटपटीला लागतो; आणि त्याने नकारच दिला असेल तर मुकाट्याने गप्प बसतो. काम एकच फसलेले, पण शेऱ्यागणिक पुढची वाट निराळी. आता समजा, टपालखात्याने परत येणाऱ्या सगळ्याच पाकिटांवर एकच शिक्का मारावयाचे ठरवले: ‘काहीतरी चुकले आहे, पुन्हा पाठवावे.’ मग आपण तेच पाकीट त्याच पत्त्यावर पुनःपुन्हा टाकीत राहणार आणि तिकिटांचे पैसे घालवीत बसणार.

विद्यार्थी मित्रहो, हा प्रसंग गेल्या वर्षी आमच्या नववीतल्या एका मुलावर अक्षरशः ओढवला. त्याला शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकावरून भरावयाचा होता. वडील पर्वत पाटियाजवळच्या एका कारखान्यात एम्ब्रॉयडरीच्या यंत्रावर कारागीर, काम रोजावर. त्यांनी खाडा केला आणि बापलेक झेरॉक्सच्या दुकानात जाऊन बसले. सगळे रकाने भरून शेवटचे बटण दाबले की पडद्यावर एकच ओळ उमटे: ‘काहीतरी चुकले. पुन्हा प्रयत्न करा.’ त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. एकदा नव्हे, अकरा वेळा. दोन दिवसांचा रोज बुडाला आणि मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला. तेव्हा दुकानातल्या पोराने, सहज मनात आले म्हणून, फोटो लहान करून पाहिला. आणि अर्ज क्षणात स्वीकारला गेला. फोटोची फाइल ठरलेल्या मर्यादेहून किंचित मोठी होती, इतकेच.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा मला म्हणाला, “बाई, संगणकाला कारण ठाऊक नव्हते का? की ठाऊक असून त्याने सांगितले नाही?”

मी भाषा शिकवणारी. संगणकाशी माझा संबंध हजेरी आणि गुणपत्रके भरण्यापुरता. तरीही हा प्रश्न माझ्या मनातून जाईना. संगणक शिकवणाऱ्या सहकाऱ्यांपाशी बसून, थोडे वाचून, मी त्याचे जे उत्तर मिळवले ते येथे मांडते. उत्तर थोडक्यात असे की कारण ठाऊक होते. ते वाटेत हरवले. आणि ते हरवावे की पोचावे, हे पुष्कळ अंशी अशा लोकांच्या हाती असते ज्यांची आपल्याशी कधी गाठही पडत नाही. ते लोक म्हणजे संगणकाच्या भाषा रचणारे.

प्रथम त्या मुलाच्या वडिलांचेच यंत्र पाहू. आपल्या भागात ही यंत्रे पुष्कळांनी पाहिली असतील. एका लांब चौकटीवर ओळीने अनेक हेड असतात आणि साडीवर सगळी हेडे एकाच वेळी तीच वेलबुट्टी भरीत असतात. मध्येच एखाद्या हेडाचा धागा तुटला तर काय होते? यंत्र थांबते. पण तेवढ्यावर ते भागवीत नाही. ज्या हेडाचा धागा तुटला, त्या हेडावरचा लहानसा लाल दिवा पेटतो. कारागीर दूर उभा असला तरी तडक त्या हेडाशी जातो, सुईत धागा ओवतो आणि यंत्र पुन्हा सुरू करतो. यंत्र नुसते थांबून राहिले असते, तर त्याला प्रत्येक सुई तपासत ओळभर फिरावे लागले असते. नुकसान टाळण्यास थांबणे पुरते. काम पुढे नेण्यास दिवा लागतो.

संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये हा दिवा कोण लावतो? प्रोग्रॅम म्हणजे संगणकाने करावयाच्या कामांची लेखी योजना. ही योजना एकसलग नसते. तिचे लहान लहान भाग पाडलेले असतात. अशा एकेका भागाला फंक्शन म्हणतात. एका फंक्शनाने दुसऱ्याला काम सांगावे, दुसऱ्याने तिसऱ्याला, अशी ती साखळी असते. आमच्या अर्जाचेच घ्या. सर्वांत बाहेरचे फंक्शन म्हणते, ‘अर्ज स्वीकार.’ ते आतल्याला सांगते, ‘फोटो जपून ठेव.’ ते आणखी आतल्याला सांगते, ‘फोटोचे माप तपास.’ माप जास्त भरले, की अगदी आतले फंक्शन काम थांबवते आणि आपल्याला काम सांगणाऱ्याकडे एक शेरा परत धाडते. इंग्रजीत या शेऱ्याला ‘एरर’ म्हणतात. मराठीत आपण ‘त्रुटी’ म्हणतो खरे, पण मला ‘शेरा’ हाच शब्द अधिक जवळचा वाटतो. का, ते पुढे येईलच.

प्रत्येक संगणकभाषेबरोबर तयार अवजारांची एक पेटी मिळते. तिला स्टँडर्ड लायब्ररी म्हणतात. बेरीज-वजाबाकीपासून फाइल उघडण्यापर्यंत नित्याची कामे करणारी फंक्शने तीत असतात, आणि शेरा तयार करणारी फंक्शनेही तीतच असतात. दिसावयास ती अगदी क्षुल्लक, एकेका ओळीची. परंतु जगातले असंख्य प्रोग्रॅमर घाईच्या वेळी जे हाताशी असेल तेच वापरतात. पेटीतले अवजार नीट घडवलेले असेल तर घाईतही बरा शेरा लिहिला जातो. ते ओबडधोबड असेल तर शहाणा मनुष्यही ‘काहीतरी चुकले’ असे लिहून मोकळा होतो.

जुन्या काळी शेरा म्हणजे केवळ एक अंक असे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून आकाराला आलेल्या युनिक्स या प्रणालीत प्रत्येक अडचणीला क्रमांक दिलेला आहे. ‘अशी फाइल अथवा असे दालन नाही’ याचा क्रमांक २. फंक्शन फसले की एका ठरावीक जागी तो अंक मांडून ठेवी, आणि ज्याला गरज असेल त्याने तो तेथे जाऊन वाचावा. ही पद्धत काटकसरीची होती, आणि त्या वेळच्या यंत्रांना काटकसर आवश्यकही होती. पण कोणती फाइल नाही, ते अंक सांगत नसे. शिवाय अंकाला जोडलेली वाक्ये कधी कधी विलक्षण असत. त्यांतले एक होते, ‘हे टंकलेखन यंत्र नव्हे’! एखादी आज्ञा टंकयंत्रासारख्या साधनासाठी असावी आणि ती भलत्याच वस्तूला दिली जावी, तेव्हा हा शेरा येई. पुढे टंकयंत्रे गेली, आज्ञा इतर उपकरणांनाही लागू झाली, आणि शेरा मात्र तोच राहिला. एखाद्याने फाइल उघडावी आणि त्याला ‘हे टंकलेखन यंत्र नव्हे’ असे उत्तर मिळावे, यावर हसावे की रडावे? त्या शेऱ्याचे शब्द नंतर बदलण्यात आले. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांच्या खुणेत मात्र टंकयंत्राची आठवण अजूनही शिल्लक आहे.

युनिक्स घडवणाऱ्यांपैकी केन थॉम्प्सन यांनी पुढे रॉबर्ट ग्रिसेमर आणि रॉब पाइक यांच्यासह गूगल कंपनीत २००७ साली एका नव्या भाषेची आखणी सुरू केली. ती ‘गो’ या नावाने २००९ साली प्रसिद्ध झाली आणि तिची पहिली स्थिर आवृत्ती २०१२ च्या मार्चमध्ये आली. गो भाषेत शेऱ्याकडून अपेक्षा एकच: त्याला विचारले असता त्याने आपला मजकूर सांगावा. असा शेरा तयार करण्याचे सर्वांत साधे फंक्शन म्हणजे ‘एरर्स.न्यू’. त्याला एक वाक्य द्या, ते शेरा बनवून देते. एवढेसे काम; पण ते कसे करावयाचे, यात एक मोठा सूक्ष्म प्रश्न दडलेला आहे, आणि मला सर्वांत आनंद झाला तो येथेच.

प्रश्न असा. समजा, फोटो तपासणाऱ्या फंक्शनाने ‘फाइल मोठी आहे’ असा शेरा तयार केला, आणि स्वाक्षरी तपासणाऱ्या दुसऱ्याच फंक्शनाने नेमका ‘फाइल मोठी आहे’ असाच शेरा तयार केला. शब्द सारखे. मग हे दोन शेरे एकच मानावेत की दोन? शब्दांवरून ओळख ठरवली, तर फोटो लहान करावयाचा सोडून आपण स्वाक्षरी लहान करीत बसू. याहून मोठी अडचण निराळीच. शब्दांवरून शेरा ओळखण्याची सवय एकदा लागली, की त्या शब्दांना हात लावण्याची सोय उरत नाही. कोणी ‘मोठी’चे ‘फार मोठी’ केले, की पूर्वीच्या शब्दांवर विसंबलेले सगळे प्रोग्रॅम बिघडलेच म्हणून समजा. भाषेच्या शिक्षिकेला ही गोष्ट भयंकर वाटल्यास नवल नाही. शुद्धलेखनाची एक दुरुस्ती आणि दहा ठिकाणी गोंधळ!

गो भाषेच्या रचनाकारांनी निर्णय दिला की ‘एरर्स.न्यू’ जितक्या वेळा बोलवाल तितक्या वेळा निराळा शेरा मिळेल, मग शब्द हुबेहूब तेच का असेनात. हे साधले कसे? फंक्शन आपल्या हाती मजकूर न देता, तो मजकूर संगणकाच्या स्मृतीत जेथे ठेवला त्या जागेचा पत्ता देते. दोन शेरे एकच आहेत काय, असे विचारले की पत्त्यांची तुलना होते, शब्दांची होत नाही. वर्गात एकाच नावाची दोन मुले असली तरी हजेरीपटावर त्यांचे क्रमांक भिन्न असतात, तसेच हे. म्हणून रीत अशी पडली की महत्त्वाचा शेरा एकदाच तयार करावा, त्याला एक नाव द्यावे, आणि पुढे सर्वांनी त्या नावानेच त्याची चौकशी करावी. शब्द माणसासाठी, ओळख यंत्रासाठी. शब्द सुधारण्यास आता कोणाची आडकाठी नाही.

अशा नामांकित शेऱ्यांपैकी एक फार प्रसिद्ध आहे. फाइल वाचता वाचता संपली की वाचणारे फंक्शन ‘ईओएफ’ नावाचा शेरा देते. त्याचा अर्थ ‘फाइलीचा शेवट’. यात कोणाची चूक आहे? पुस्तकाच्या शेवटच्या पानाशी पोचलेल्या वाचकाने कोणता गुन्हा केला? म्हणूनच वर म्हटले की ‘त्रुटी’पेक्षा ‘शेरा’ हा शब्द मला पसंत आहे.

परंतु एकदाच तयार केलेल्या ठोकळेबाज शेऱ्यात प्रसंगाची माहिती येत नाही. मर्यादा किती होती, फोटो किती निघाला, हे सांगावयाचे तर रिकाम्या जागा असलेले वाक्य हवे. त्यासाठी गो भाषेत ‘एररएफ’ नावाचे दुसरे फंक्शन आहे. त्याला वाक्याचा साचा आणि भरावयाच्या गोष्टी द्याव्या, की ‘मर्यादा १०० केबी, फोटो १२० केबी’ असा शेरा तयार होतो. फाइली उघडणाऱ्या फंक्शनांनी तर शेऱ्याचे तीन कप्पेच केले आहेत: कोणती क्रिया करीत होतो, कोणत्या फाइलीवर, आणि मूळ कारण कोणते. युनिक्सचा तो नुसता २ आणि हा तीन कप्प्यांचा शेरा यांत तेवढाच फरक आहे, जेवढा ‘अनुत्तीर्ण’ या शब्दात आणि विषयवार गुणपत्रकात.

आता कारण हरवते कोठे, ते पाहा. आतल्या फंक्शनाचा शेरा मधल्याच्या हाती आला. मधल्याला त्यात आपली भर घालावयाची आहे: ‘फोटो ठेवता आला नाही.’ त्याने ‘एररएफ’ वापरून आतल्या शेऱ्याचे शब्द आपल्या वाक्यात उतरवून घेतले. वाचणाऱ्या माणसाची सोय झाली. पण मूळ शेरा, तो पत्त्याने ओळखता येणारा शेरा, आता राहिला नाही. राहिली त्याची नक्कल. बाहेरच्या फंक्शनाने विचारले, ‘हा मापाचाच शेरा आहे ना?’ तर उत्तर ‘नाही’, कारण ओळख पुसली गेली. बाहेरच्याला एवढेच कळते की काही तरी फसले. आणि तो तेवढेच पडद्यावर लिहितो.

गो भाषेत कित्येक वर्षे ही उणीव जाणवत होती. २०१९ च्या सप्टेंबरात आलेल्या १.१३ या आवृत्तीत तिच्यावर उपाय झाला, आणि तो फार मोठा दिसत नाही. ‘एररएफ’च्या साच्यात टक्क्याच्या चिन्हापुढे एक नवे अक्षर चालू लागले: डब्ल्यू, म्हणजे ‘रॅप’ या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर; अर्थ, गुंडाळणे. जुन्या अक्षराने आतल्या शेऱ्याची नक्कल होई. नव्या अक्षराने मूळ शेराच नव्या पाकिटात ठेवला जातो. पाकिटात पाकीट, त्यात आणखी पाकीट. जोडीला दोन फंक्शने आली. ‘एरर्स.इज’ एकेक पाकीट उघडून पाहते आणि अमुक शेरा आत कोठे आहे काय ते सांगते; ‘एरर्स.ॲज’ अमुक प्रकारचा शेरा सापडल्यास तो हाती काढून देते, म्हणजे त्याचे कप्पे वाचता येतात. २०२३ च्या फेब्रुवारीत आलेल्या १.२० आवृत्तीपासून अनेक शेरे एकत्र बांधण्याचीही सोय झाली: फोटो मोठा, आणि शिवाय जन्मतारीखही चुकलेली, तर दोन्ही एकदमच सांगता येतात. दोन हेलपाट्यांऐवजी एक.

मग नक्कल करणारे जुने अक्षर काढून का टाकले नाही? मलाही प्रथम तसेच वाटले होते. परंतु मूळ शेरा पाकिटात घालून देणे म्हणजे एक प्रकारचे वचन आहे. शाळेच्या कार्यालयाने पालकाला उत्तर देताना एका बँकेचे मूळ पत्र जोडले, की उद्यापासून पालक त्या बँकेचाच क्रमांक सांगत येऊ लागतात. आणि शाळेने बँक बदलली की सगळ्यांची पंचाईत. आपल्या आतल्या व्यवस्थेचा कोणता भाग बाहेरच्यांनी गृहीत धरावा, हे ठरवण्याचा हक्क फंक्शन लिहिणाऱ्याकडेच राहिला पाहिजे. म्हणून दोन्ही अक्षरे ठेवली गेली. शेरा कोणत्या ओळीवर जन्मला याची आपोआप नोंद व्हावी, असाही एक भाग त्या वेळच्या प्रस्तावात होता. तो अखेरीस स्वीकारला गेला नाही.

इतर भाषांनी निराळ्या वाटा धरल्या आहेत. पायथन भाषेत २०१२ सालच्या ३.३ आवृत्तीपासून एक गंमत आहे: प्रणालीचा जुना अंक देऊन सर्वसामान्य शेरा मागावा, तर ती अंक पाहून योग्य प्रकारचा शेरा स्वतःच निवडून देते, २ म्हटले की ‘फाइल सापडली नाही’ या जातीचा. रस्ट भाषेत वाचन-लेखनाच्या शेऱ्यांचे प्रकार ठरलेले आहेत, आणि कशातच न बसणाऱ्यांसाठी ‘इतर’ हा प्रकार आहे. त्या ‘इतर’ची इतकी वारंवार गरज पडू लागली, की २०२३ च्या नोव्हेंबरात १.७४ आवृत्तीत त्यासाठी एक आखूड फंक्शन पक्के करण्यात आले. शाळेचे नमुने भरून घेणाऱ्या मला ‘इतर’ या रकान्याची धास्ती आहे. तो सोपा केला की सारे जण त्यातच खूण करतात. तथापि या फंक्शनाला मूळ कारण सोबत द्यावेच लागते, त्यामुळे माझी तक्रार निम्मी उरते.

सर्वच शेरे सर्वांपुढे उघडे करावेत, असेही नाही. खात्यात शिरताना ‘नाव किंवा परवलीचा शब्द चुकला’ असे मोघम सांगतात, ते हेतुपुरस्सर. नाव बरोबर आहे एवढे कळले तरी चोराचे निम्मे काम होते. तेथे पूर्ण शेरा नोंदवहीत लिहून ठेवतात आणि बाहेर मोजके सांगतात. पण फोटो १०० केबीपेक्षा मोठा आहे, यात कोणते गुपित होते? त्या मुलाच्या अर्जाचा शेरा आत तयार झाला होता, कारण माप तपासल्याशिवाय अर्ज अडलाच नसता. बाहेर येईपर्यंत कोणी तरी पाकीट न उघडताच ते फेकून दिले.

हे सारे मी त्या मुलाला समजावून सांगितले तेव्हा तो नुसता मान डोलावून गेला नाही. सुट्टीत त्याने गो भाषेचे धडे गिरवले आणि वर्गाच्या ग्रंथालयासाठी पुस्तकांच्या देवघेवीचा एक लहानसा प्रोग्रॅम लिहून मला दाखवावयास आणला. शेरे मराठीत होते. ते शक्य होते, कारण गो भाषा आपला मजकूर यूटीएफ-८ या लिपिसंकेतात लिहिते. आणि तो संकेत १९९२ साली त्याच थॉम्प्सन आणि पाइक या जोडीने रचला, ज्यात देवनागरीही सुखाने नांदते. त्याच्या वहीत शेरा असा उमटला होता:

‘पुस्तक देता आले नाही: नोंदवही उघडता आली नाही: परवानगी नाही’

मी सवयीने तांबडी शाई घेतली, शेवटी पूर्णविराम दिला आणि खाली दुरुस्त वाक्य लिहिले: ‘परवानगी नसल्यामुळे नोंदवही उघडता आली नाही, म्हणून पुस्तक देता आले नाही.’

“बाई, पूर्णविराम नको,” तो म्हणाला. “हे वाक्य एकाने लिहिलेले नाही. प्रत्येक तुकडा वेगळ्या फंक्शनाचा. आतला पूर्णविराम देऊन बसला आणि बाहेरच्याने पुढे काही जोडले, तर तो वाक्याच्या मधेच येईल.” गो भाषेत हा संकेतच आहे: शेऱ्याचा आरंभ मोठ्या अक्षराने करू नये आणि शेवटी विरामचिन्ह देऊ नये. मोठे अक्षर देवनागरीत नाहीच, तेव्हा निम्मा नियम आपण जन्मतःच पाळतो.

पूर्णविराम मी मागे घेतला. क्रमाविषयी मात्र हटले नाही. मराठीत कारण आधी येते, परिणाम मागून. त्याने थोडा विचार केला आणि साच्यातले ते डब्ल्यूचे अक्षर वाक्याच्या शेवटून उचलून आरंभी ठेवले, पुढे ‘म्हणून पुस्तक देता आले नाही’ असे लिहिले. शेरा उमटला तो माझ्या क्रमाने. अक्षर साच्यात कोठेही ठेवता येते, हे आम्हा दोघांनाही तेव्हाच कळले. तरीही प्रोग्रॅममध्ये त्याने अखेर आपला विसर्गचिन्हांचाच शेरा ठेवला आहे. पडदा अरुंद आहे, आणि पुस्तक न्यावयास आलेल्या पहिलीच्या मुलाला आधी एवढेच कळावयास हवे की पुस्तक आज मिळणार नाही, असे त्याचे म्हणणे. माझे वाक्य त्याने निबंधाच्या वहीत उतरवून घेतले आहे.